न दिसणारी भेग

पोलादी सांगाड्याच्या इमारतीचे सारे बळ तिच्या सांध्यांत असते आणि सांधा आतून कसा आहे ते वरून कळत नाही. १७ जानेवारी १९९४च्या पहाटे लॉस एंजेलिसला हा धडा मिळाला. त्या धड्याची, आणि सांधे तपासण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या एका माणसाची ही गोष्ट.

लहानपणी आमच्या घरापासून चार घरे सोडून एक ग्रिलचे दुकान होते. दुकान कसले, पत्र्याची शेड आणि बाहेर फुटपाथवर पसरलेल्या सळया. दिवेलागणीच्या सुमाराला तिथे निळा-पांढरा उजेड फुटायचा आणि समोरच्या भिंतीवर सावल्या नाचायच्या. आई हात धरून ओढायची, ''बघू नकोस तिकडे, डोळे जातील.'' पुढे त्याच उजेडाने मला पोटापाण्याला लावले. माझे काम वेल्डिंग करण्याचे नव्हे, दुसऱ्याने केलेले वेल्डिंग तपासण्याचे. लग्न ठरत होते तेव्हा सासरच्या मंडळींनी विचारले, ''म्हणजे तुम्ही नेमके करता काय?'' मी म्हणालो, ''लोखंडाला लोखंड नीट चिकटले आहे की नाही ते बघतो.'' त्यावर मामेसासऱ्यांनी अडकित्ता थांबवून विचारले, ''आणि चिकटले नसेल तर?''

तेव्हा सगळे हसले. पण तो प्रश्न पुढे नोकरीभर माझ्या सोबतीला राहिला.

त्या सोमवारची पहाट

१७ जानेवारी १९९४. लॉस एंजेलिस परिसरात पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनी जमीन हादरली. नॉर्थरिज या उपनगराच्या नावाने हा भूकंप ओळखला जातो. त्याची तीव्रता ६.७ होती. उड्डाणपूल कोसळले, गॅसच्या वाहिन्या पेटल्या, लाकडी सांगाड्याची एक तीन मजली वसाहत खालच्या मजल्यावर बसली आणि त्या एकाच ठिकाणी १६ माणसे गेली. सरकारी हिशेबाने एकूण मृत ५७. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणाचा सुटीचा दिवस होता. कचेऱ्या आणि रस्ते रिकामे होते, म्हणून आकडा तेवढ्यावर राहिला.

या सगळ्या पडझडीत पोलादी सांगाड्याच्या इमारती मात्र ताठ उभ्या होत्या. एकही कोसळली नाही. अनेक ठिकाणी तर काचसुद्धा तडकली नव्हती. आपल्याकडे किल्लारीला जेमतेम साडेतीन महिने झाले होते. दगड-मातीची घरे झोपलेल्या माणसांवर कशी कोसळतात ते महाराष्ट्राने नुकतेच पाहिले होते. पोलादाची गोष्ट निराळी, असे आम्ही सारे पुस्तकात शिकलो होतो. पोलाद मोडत नाही, वाकते, आणि वाकता वाकता भूकंपाची शक्ती पिऊन टाकते, असे त्या पुस्तकांत लिहिलेले असे.

मग पुढच्या काही आठवड्यांत कोणी कोणी छताची आच्छादने उतरवली आणि खांब-तुळयांवरचा आगीपासून वाचवणारा लेप खरवडून पाहिला. तिथे जे दिसले त्याने अमेरिकेतल्या इंजिनीयरांची झोप उडाली. तुळई आणि खांब जिथे वेल्डिंगने जोडले होते, नेमके तिथेच पोलाद तडकले होते. कुठे केसाएवढी भेग, तर कुठे खांबाची जाड पट्टी आरपार फाटून भेग खांबाच्या पोटापर्यंत गेलेली. वाकण्याची खूण नव्हती. बशी तडकावी तसे पोलाद तडकले होते. पाहता पाहता अशा इमारतींची संख्या शंभरावर गेली. त्यांत एक मजली होत्या तशा २६ मजलीही होत्या. तीस वर्षांच्या जुन्या होत्या, तशा अजून बांधकाम चालू असलेल्याही होत्या. म्हणजे दोष एखाद्या कंत्राटदाराचा किंवा एखाद्या नकाशाचा नव्हता. सारे जण ज्याला चांगली पद्धत म्हणत होते तिच्यातच तो होता.

अडचण अशी की बाहेरून काहीच कळत नव्हते. एकेका सांध्यापर्यंत पोचायचे तर छत उतरवा, लेप खरवडा, जुन्या इमारतीत त्या लेपात ॲस्बेस्टॉस असायचे, त्याची काळजी घ्या आणि तोवर भाडेकरूंना दुसरीकडे हलवा. अखेर १९९५ मध्ये लॉस एंजेलिस शहराने जास्त हादरलेल्या भागातील अशा इमारतींचे सांधे उघडून तपासणे सक्तीचे केले.

सांधा म्हणजे काय?

पोलादी तुळई आपण सर्वांनी पाहिलेली आहे. रेल्वेच्या पुलावर असते तशी, इंग्रजी 'आय' अक्षराच्या आकाराची. वर एक आडवी पट्टी, खाली एक आडवी पट्टी आणि मध्ये दोघींना धरून ठेवणारी उभी पट्टी. ही तुळई खांबाला अशी जोडायची की इमारत डोलली तरी दोघांमधला काटकोन ढळू नये. माणसाच्या खांद्यासारखाच हा प्रकार. हात कितीही बळकट असला तरी खांदा निखळला की तो लोंबकळतो.

पूर्वी हे जोड रिवेट मारून करीत. आयफेल टॉवरमध्ये सुमारे २५ लाख रिवेट आहेत. लाल तापवलेला रिवेट भोकात घालून ठोकायचा, थंड होताना तो आक्रसतो आणि पट्ट्या घट्ट धरतो. तपासणीही सोपी होती. तपासनीस छोटी हातोडी घेऊन फिरायचा, प्रत्येक रिवेटवर टकटक करायचा आणि आवाज ऐकायचा. खणखणीत असेल तर ठीक, बद्द असेल तर काढून टाका. आपल्याकडे उन्हाळ्यात माठ घेताना बायका बोटाने वाजवून बघतात, तीच ही विद्या.

वेल्डिंग आले आणि रिवेट मागे पडले. यात दोन पट्ट्यांच्या मधली खाच वितळलेल्या पोलादाने थराथराने भरून त्यांचा एकच तुकडा करायचा. काम हलके, झटपट आणि आवाज न करणारे. पण रिवेटच्या जोडात एक पट्टी तडकली तर भेग तिच्या कडेपाशी थांबते, शेजारच्या पट्टीत जात नाही. वेल्डिंगने सारे एकसंध होते आणि भेगेला वाटही एकसंध मिळते. हे जगाला जहाजांनी शिकवले. १६ जानेवारी १९४३च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला संथ पाण्यात उभे असलेले 'स्केनेक्टडी' हे नवे कोरे तेलवाहू जहाज एकाएकी मधोमध मोडले. वादळ नव्हते की टक्कर झाली नव्हती. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद, वेल्डिंगमधला दोष आणि त्या जागी एकवटलेला ताण, असे तिघे एकत्र आले होते.

नॉर्थरिजमध्येही हेच तिघे वेगळ्या वेषात भेटले.

खालच्या पट्टीचे दुखणे

तुळईची वरची पट्टी खांबाला जोडायला वेल्डरला वरून मोकळी जागा मिळते. खालची पट्टी जोडताना मात्र तुळईची उभी पट्टी मधोमध आडवी येते. म्हणून तिच्यात तळाशी एक छोटे भोक ठेवतात. वेल्डरने एका बाजूने अर्धे काम करायचे, मध्यावर थांबायचे, पलीकडे जायचे आणि उरलेले अर्धे करायचे. मधल्या जागी हात धड पोचत नाही आणि नजरही पोचत नाही. प्रत्येक थरावर जी खपली धरते, जिला आम्ही स्लॅग म्हणतो, ती तिथे पुरती निघत नाही. तुळईवर सर्वात जास्त ताण जिथे यायचा, तिथेच काम सर्वात अवघड.

त्यात आणखी एक गोष्ट. वितळलेले पोलाद खाली गळू नये म्हणून खाचेच्या तळाशी एक पट्टी लावतात, तिला बॅकिंग पट्टी म्हणतात. काम झाले की ती तशीच ठेवण्याची रीत होती. ही पट्टी आणि खांब यांच्यामध्ये जी न जुळलेली फट राहते, ती मुळातच एका भेगेसारखी असते. कापड फाडण्याआधी दुकानदार कात्रीने छोटी चीर देतो ना, तसे हे झाले.

शिवाय काम वेगाने व्हावे म्हणून वापरलेली वेल्डिंगची तार अशी होती की तिच्यापासून बनणारे पोलाद मजबूत होते, पण चिवट नव्हते. या दोन शब्दांतला फरक गृहिणींना सांगायला नको. काचेचे भांडे मजबूत असते, स्टीलचे चिवट असते. हातातून सुटल्यावर फरक कळतो. आणि गंमत अशी की तुळयांचे पोलाद कागदावर लिहिले होते त्यापेक्षा प्रत्यक्षात अधिक बळकट निघाले. तुळईने वाकावे आणि सांध्याला वाचवावे अशी योजना होती. तुळई वाकायला तयार नव्हती, म्हणून सारा भार सांध्यावर आला.

डोळे, रंग आणि आवाज

वेल्डिंगची तपासणी काम झाल्यावर सुरू होते असा सर्वसाधारण समज आहे. खरे तर ती वेल्डर बत्ती लावण्याआधी सुरू होते. खाच बरोबर कापली आहे का? फट जास्त तर नाही? गंज, तेल, रंग पुसला आहे का? वेल्डरने परीक्षा दिली आहे का? होय, वेल्डरलाही परीक्षा असते. त्याने जोडलेल्या पट्टीचा तुकडा कापून यंत्रात इंग्रजी 'यू'सारखा वाकवतात. जोड उघडला तर नापास. सपाट वेल्डिंगची परीक्षा वेगळी आणि डोक्यावरच्या वेल्डिंगची वेगळी. आपल्याकडेही वेल्डिंगच्या तपासणीची पद्धत सांगणारे आयएस ८२२ हे भारतीय मानक १९७० पासून आहे.

मग वेल्डिंगच्या कांड्या. त्यांच्यावरचे आवरण पापडासारखे असते, हवेतला ओलावा लागला की सादळते. सादळलेल्या कांडीतला हायड्रोजन वितळलेल्या पोलादात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी काही तासांनी तर कधी दुसऱ्या दिवशी, आतून तडा देतो. म्हणून चांगल्या साइटवर कांड्या भट्टीत ठेवतात आणि लागतील तशा गरमागरम बाहेर काढतात. म्हणूनच जाड पट्ट्यांची शेवटची तपासणी एक-दोन दिवस थांबून करतात. संध्याकाळी केलेल्या जोडावर संध्याकाळीच सही मागणाऱ्या माणसाला हे पटवणे फार कठीण जाते.

प्रत्यक्ष तपासणीत पहिला मान डोळ्यांचा. बॅटरी, छोटा आरसा, माप घ्यायची गेज आणि खपली उडवायची हातोडी एवढ्या सामानावर निम्म्याहून अधिक दोष सापडतात. पृष्ठभागावरची बारीक भेग शोधायची तर लाल रंगाचे पातळ द्रव्य फासतात, ते भेगेत मुरू देतात, वरचे पुसून पांढरी पावडर फवारतात. थोड्या वेळाने पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. दुसरी रीत चुंबकाची. जोडाला चुंबकत्व देऊन लोखंडाचा कीस भुरभुरला की तो भेगेवर रांगोळीसारखा गोळा होतो.

आतले पाहायला दोन मार्ग आहेत. एक क्ष-किरण किंवा इरिडियम-१९२ सारख्या किरणोत्सारी पदार्थाचे गॅमा किरण. छातीचा फोटो काढतात तसाच हा पोलादाचा फोटो. मात्र एका बाजूला किरण आणि दुसऱ्या बाजूला फिल्म ठेवता आली पाहिजे. खांब-तुळईच्या सांध्यात ते नीट जमत नाही. त्यामुळे तिथे दुसरा मार्ग, अल्ट्रासॉनिक. खळीसारखा चिकट लेप लावून आगपेटीएवढा प्रोब पट्टीवरून फिरवायचा. त्यातून सेकंदाला वीस-पंचवीस लाख कंपनांचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज तिरपा आत जातो आणि वाटेत पोकळी भेटली तर परत येतो. पडद्यावर एक टोक उभे राहते. गरोदर बाईची सोनोग्राफी तीही हीच आणि माठ वाजवून बघणारी बाईही हेच करते. फरक एवढाच की कानाऐवजी पडदा, आणि पडद्यावरचे टोक खऱ्या दोषाचे की बॅकिंग पट्टीच्या फटीचे हे ओळखणारा माणूस मात्र लागतोच.

एका खुणेची किंमत

माझ्या उमेदवारीच्या काळातली गोष्ट. एका कारखान्याचा पोलादी सांगाडा उभा राहत होता. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर स्लॅब पडायचा होता. एका सांध्याचे वेल्डिंग इतके देखणे होते की वरचे वळसे शेवयांसारखे एकसारखे. हात फिरवून पुढे जाणार होतो, पण यादीत तो सांधा होता म्हणून प्रोब लावला. पडद्यावर टोकांचे रानच उभे राहिले. दोनदा लेप पुसून पाहिले, दोन्ही बाजूंनी पाहिले. तेच.

वेल्डर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे होते. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मी विचारले, ''मिस्त्री, आत काय भरलंय?'' ते कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''साहेब, फट बोटभर होती. तुळई आखूड आली होती. मी म्हणालो, परत पाठवा. वरून सांगितलं, भरून टाका.'' त्यांनी खाचेत अख्ख्या कांड्या आडव्या घालून वरून सुंदर थर चढवला होता.

साइटवरचे अधिकारी आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ''अहो, शेकड्याने सांधे आहेत. एकाने काय बिघडतंय?'' रेडी मिक्सच्या गाड्या सांगून झाल्या होत्या, दंडाचे कलम होते. त्यांच्या जागी त्यांचेही खरे होते. मला मामेसासरे आठवले. खिशातला पिवळा खडू काढून मी सांध्यावर फुली मारली. स्लॅब दोन दिवस पुढे गेला. सांधा गाउजिंग करून उघडला तेव्हा आतून अर्धवट जळालेल्या कांड्या निघाल्या.

या गोष्टीचा शेवट मात्र मी अभिमानाने सांगू शकत नाही. दंड कोणाला झाला? तर मिस्त्रींना. पुढच्या सोमवारी ते कामावर नव्हते. 'भरून टाका' म्हणणारा माणूस तिथेच होता. माझ्या अहवालात सांध्याचा नंबर होता, दोषाची लांबी होती, खोली होती. तुळई आखूड आली होती आणि मिस्त्रींनी ती परत पाठवायला सांगितले होते, हे त्यात नव्हते. अहवालात तसा रकानाच नव्हता. तो मी हाताने आखायला हवा होता. पुढे प्रत्येक अहवालात 'कारण' म्हणून एक ओळ मी स्वतःहून लिहू लागलो. पण त्या एका अहवालात ती नाही ती नाहीच.

एक वर्षाने, त्याच तारखेला

नॉर्थरिजनंतर बरोबर एक वर्षाने, १७ जानेवारी १९९५ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी जपानमध्ये कोबे हादरले. ६,४०० हून अधिक माणसे गेली. जपानी वेल्डिंगचा जगात दबदबा होता. तरीही तिथे सांध्यांत भेगा सापडल्या, आणि नॉर्थरिजला जे घडले नव्हते ते इथे घडले : पोलादी इमारतीही कोसळल्या. आता हा अमेरिकेचा आळस असे म्हणायची सोय कोणाला राहिली नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातले इंजिनीयर आणि विद्यापीठे १९९४ सालीच एकत्र आली होती. सरकारी मदतीने त्यांनी पूर्ण मापाचे सांधे प्रयोगशाळेत बांधून मोडून पाहिले आणि २००० साली नवे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. चिवट पोलाद देणारीच तार वापरा. खालची बॅकिंग पट्टी काढा, मुळापासून खरवडा, पुन्हा भरा. एक उपाय तर वरवर उलटाच वाटावा असा : तुळई सांध्यापासून थोड्या अंतरावर दोन्ही बाजूंनी कापून बारीक करा, डमरूच्या कमरेसारखी. म्हणजे भूकंपात ती तिथे वाकेल आणि सांधा वाचेल. ही कल्पना बेल्जियममधली. तिचे अमेरिकन पेटंट युरोपातील एका पोलाद कंपनीकडे होते. भूकंपानंतर त्या कंपनीने आपला हक्क सोडला आणि ती सर्वांना खुली केली.

त्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मला अजून अस्वस्थ करते. भूकंपानंतर अल्ट्रासॉनिकने वेल्डिंगच्या मुळाशी जे शेकडो दोष सापडले आणि ज्यांना सुरुवातीला भूकंपाच्या भेगा म्हटले गेले, त्यांतले पुष्कळसे भूकंपाचे नव्हतेच, असे पुढे निघाले. ते बांधकामाच्या दिवसापासून तिथे होते. म्हणजे माझ्यासारख्या कोणीतरी त्या सांध्यावर कधीतरी सही केली होती. बॅकिंग पट्टीमुळे त्याला दिसले नसेल. मध्यभागी प्रोब पोचला नसेल. किंवा दुसऱ्या दिवशी स्लॅब असेल.

आपल्याकडे राहती घरे बहुतेक काँक्रीटची. पण कारखान्यांच्या शेड, मॉल, चित्रपटगृहे, विमानतळांची छपरे, पादचारी पूल हे सारे पोलादाचे आणि वेल्डिंगचे. कोयना १९६७ची आणि किल्लारी १९९३ची, तेव्हा भूकंप आपल्याला परका नाही. सर्वसामान्य माणसाने प्रोब घेऊन फिरावे असे कोणी म्हणणार नाही. पण सोसायटीच्या गच्चीवर पत्र्याचे छप्पर किंवा शाळेत लोखंडी जिना होतो तेव्हा तीन प्रश्न आपण नक्की विचारू शकतो. वेल्डरची परीक्षा झाली आहे का? तपासणी करणारा माणूस कंत्राटदाराच्या पगारावरचा नाही ना? आणि रंग मारण्याआधी सांधे कोणी पाहिले? रंग हा सर्वात मोठा लबाड. तो एकदा चढला की चांगला आणि वाईट सांधा सारखाच दिसतो.

मामेसासरे आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना कधी नीट देता आले नाही. चिकटले नसेल तर काय? तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. इमारत उभी राहते, माणसे ये-जा करतात, दिवाळीला तिच्यावर तोरणे लागतात. तीस-तीस वर्षे काही होत नाही. म्हणून तर 'एकाने काय बिघडतंय' म्हणणारा माणूस नेहमी बरोबर ठरतो, एक पहाट सोडून.